सांबा कानांनी उलगडायचा कसा: तळातल्या सुर्दोपासून गळ्यापर्यंत

सांबा, म्हणजे ब्राझीलचं नाचगाण्याचं संगीत, म्हटलं की पिसांचे मुकुट आठवतात, आणि कानात शिरतो तो नुसता गलका. अडीचशे-तीनशे माणसं एकाच वेळी बडवतायत आणि त्यावर कुणीतरी जीव तोडून गातंय, एवढंच कळतं. या गलक्यात कोण काय वाजवतंय हे ओळखता यायला लागलं की तेच संगीत पार वेगळं ऐकू येतं. त्यासाठी संगीत शिकलेलं असायची गरज नाही; बोटांवर सोळापर्यंत मोजता आलं की पुरे. तबला थोडाफार केला असेल तर बरंच सोपं जाईल आणि एका बाबतीत आडही येईल. ती अडचण पहिल्याच पायरीवर भेटते.

गाणं लागलं की आपण आधी शब्द आणि गळा धरतो. इथे उलटं जायचं आहे. तळ आधी, गळा शेवटी. सांबाचा गायक अक्षर कुठे टाकतो हे खालचा ठेका कानात बसल्याशिवाय कळतच नाही, म्हणून हा क्रम.

बसण्यापूर्वी

फोनच्या स्पीकरवर हे जमणार नाही. सर्वांत मोठ्या ढोलाचा आवाज त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही आणि ज्याच्यावर सगळी इमारत उभी आहे तोच गायब होतो. बरा हेडफोन हवा.

सांबाचे दोन चेहरे आहेत आणि दोन्हींचं एकेक ध्वनिमुद्रण हाताशी हवं. एक मिरवणुकीचा: रिओ दे जानेरोच्या 'सांबा शाळा' आणि त्यांचा वादकांचा ताफा, म्हणजे बातेरिया. (शाळा म्हणजे वर्ग-फळा नव्हे. ही वस्तीची मंडळं आहेत; मांगेइरा, पोर्तेला, इंपेरियो सेर्रानो ही त्यांची नावं.) दुसरा बैठकीचा: एका टेबलाभोवती सात-आठ जण बसून वाजवतात आणि भोवतीची गर्दी गाते, ती रोदा. यूट्यूबवर शाळेचं नाव आणि 'बातेरिया' टाकलं तर नुसत्या वादनाचे भरपूर व्हिडिओ मिळतात. सुरुवात त्यांनीच करा, गाण्याशिवाय.

उच्चारांबद्दल एवढंच लक्षात ठेवा: शब्दाच्या सुरुवातीचा 'र' ब्राझीलमध्ये जवळजवळ 'ह' होतो. मी इथे रेपिनीके आणि रोदा लिहिलंय. मुलाखतींत तुम्हाला हेपिनीकी आणि होदा ऐकू येईल.

इतिहासही थोडा हवा, कारण वाद्यं का बदलली ते त्यातून कळतं. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली कायद्यानं संपली. त्याच्या आगेमागे बाहिया प्रांतातून आफ्रिकी वंशाची अनेक कुटुंबं रिओच्या बंदरालगतच्या वस्त्यांत आली. प्रासा ओंझे या चौकाजवळ तिया सियाता या बाहियन बाईचं घर होतं, आणि तिथल्या बैठकींत हे संगीत घडत गेलं. त्या वर्तुळातल्या दोंगानं १९१६ च्या अखेरीस 'पेलू तेलेफोनी' हे गाणं आपल्या नावावर नोंदवलं आणि १९१७ च्या कार्निव्हलला ते गाजलं. सांबा असा शिक्का घेऊन गाजलेली ती पहिली तबकडी. पण आज ती ऐकलीत तर 'हा कसला सांबा?' असंच वाटेल. तेव्हाचा ठेका गोलात नाचण्याचा होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी एस्तासियो वस्तीतल्या पोरांना चालत गाता येईल असा सांबा हवा होता. त्यांच्यातला इस्माएल सिल्वा पुढे मुलाखतीत बोलांनीच फरक सांगायचा: जुना सांबा 'तान तान्तान तान तान्तान', त्यावर रस्त्यातून चालायचं कसं? म्हणून आम्ही केला 'बुम बुम पातिकुम्बुम प्रुगुरुन्दुम'. हे बोल दोन-चारदा मोठ्यानं म्हणून पाहा. पुढच्या तीन पायऱ्या त्यातच आहेत.

पहिली पायरी: दुसरा ठोका शोधा

सांबा दोन ठोक्यांत चालतो. एक, दोन, एक, दोन. वजन असतं ते दोनवर.

तबल्याची सवय असलेल्याची गडबड इथेच होते. आपला कान जड ठोका आला की त्याला सम समजून मोकळा होतो. सांबात तसं केलंत की सगळं गाणं अर्ध्या पावलानं सरकतं आणि गायक सतत चुकीच्या जागी उतरतोय असं वाटत राहतं. गायक बरोबर असतो.

करायचं असं: बातेरियाचा व्हिडिओ लावा, डोळे मिटा आणि सर्वांत खोल, पोटात जाणवणारा 'बूम' पकडा. त्या प्रत्येक 'बूम'वर 'दोन' म्हणा आणि मधल्या जागेत 'एक' भरा. डावा पाय 'एक'वर अलगद, उजवा 'दोन'वर दाबून. पाच मिनिटं नुसतं हेच. मिरवणुकीची आजची लय मिनिटाला साधारण १४० ठोक्यांच्या आसपास असते, त्यामुळे पाय दमतील. दमू दे. रोदातली लय बरीच संथ असते. जमत नसेल तर तिथून सुरू करा.

दुसरी पायरी: तीन सुर्दो

तो खोल आवाज सुर्दोचा. सुर्दो म्हणजे कमरेला किंवा खांद्याला पट्ट्यानं अडकवलेला मोठा दुतोंडी ढोल. एका हातात मऊ गोळ्याची टिपरी, दुसरा हात पानावर आवाज दाबायला मोकळा. याचा जनक म्हणून एस्तासियोच्याच बिदेचं नाव घेतलं जातं. लोण्याच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर त्यानं चामडं ताणलं, अशी ती गोष्ट आहे.

पूर्ण ताफ्यात सुर्दो तीन प्रकारचे. सर्वांत मोठा तो पहिला. दोनच्या ठोक्यावर पडणारा जड आवाज याचाच. त्याहून थोडा लहान आणि थोडा चढ्या स्वराचा दुसरा; तो 'एक'वर उत्तर देतो. म्हणजे पहिला सुर्दो दुसऱ्या ठोक्यावर आणि दुसरा पहिल्यावर. नावं उलटी वाटतात, पण मान मोठ्याला आहे आणि मोठा वाजतो दोनवर, इतकं सरळ आहे ते. तिसरा सर्वांत लहान. तो या दोघांच्या मधल्या फटींत आडतिडं वाजवतो, त्याच्यामुळे तळाला झोका मिळतो. हा तिसरा सुर्दो मोसिदादे इंदेपेंदेंते शाळेच्या बातेरियानं आणला असं मानतात.

कान तपासायचा असेल तर मांगेइराची बातेरिया लावा. १९२८ साली स्थापन झालेल्या या शाळेत उत्तर देणारा दुसरा सुर्दो नसतो. दोनवर बूम, मग एकवर मोकळी जागा. ही पोकळी एकदा कानाला कळली की शंभर ध्वनिमुद्रणांतून मांगेइरा ओळखता येते. माझ्या मते सांबा ऐकायला शिकायचा सर्वांत चांगला धडा हाच, कारण इथे ऐकायचा असतो तो न वाजलेला ठोका.

तिसरी पायरी: वाळूसारखा सळसळाट

आता तळ सोडून वर या. सतत, न थांबता, बारीक खडखडणारा एक थर आहे. प्रत्येक ठोक्याचे चार भाग करणारा. तो काइशाचा. १२ किंवा १४ इंची ढोल, पानावर ताणलेल्या तारा, दोन काड्या. ढोल-ताशा पथकात ताशा जे काम करतो तेच इथे काइशा करते, फक्त ती एकटीनं भाव खात नाही. काही शाळांत ती कमरेपाशी वाजवतात, काहींत वर खांद्याजवळ धरून, आणि त्यानं आघातांची जागा बदलते.

इथे एक बारकावा आहे. त्या चार बारीक ठोक्यांतलं अंतर सारखं नसतं. तिसरा आणि चौथा किंचित लवकर येतात, त्यामुळे दुसरा आखडतो आणि चौथ्याला ऐसपैस जागा मिळते. हे लिहून सांगणं अवघड, म्हणून यूट्यूबवरची गती अर्धी करा आणि ऐका. संगणकावर सरळ चार सारखे भाग करून बनवलेला सांबा लगेच निर्जीव वाटतो तो याचमुळे.

चौथी पायरी: तांबोरिम आणि सोळा घरं

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो इथे. तांबोरिम म्हणजे ६ इंची, घंटा-झांजा नसलेली चिमुकली डफली. एका हातात धरायची, दुसऱ्या हातात लवचीक काडी. आवाज कोरडा, टणक, गर्दी फाडून वर येणारा.

सोळा मात्रा मोजा, तीनतालासारख्या, बोटांच्या पेरांवर. मोजायची पद्धत तेवढी आपली. वेग बघा: मिरवणुकीत या सोळा मात्रा जेमतेम पावणेदोन सेकंदांत संपतात. तुम्ही हव्या तितक्या सावकाश सुरू करा.

आता टाळी द्यायची ती या मात्रांवर: १, ३, ५, ६, ८, १०, १२, १४, १५. नऊ टाळ्या, सात रिकाम्या जागा. बोलांत मांडलं तर असं:

ट – ट – ट ट – ट | – ट – ट – ट ट –

पहिली आठ घरं बघा: एकवर टाळी आहे, पाचवर आहे, पायाखालची जमीन घट्ट आहे. दुसरी आठ घरं बघा: नऊवर काही नाही, तेरावर काही नाही. म्हणजे ठेक्याचा अर्धा भाग जमिनीवर आणि अर्धा हवेत. सांबाची लचक म्हणतात ती ही.

याला सुर्दोची जोड द्या. मोठा सुर्दो पडतो ५ आणि १३ वर, म्हणजे तीनतालाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टाळीवर. दुसरा सुर्दो १ आणि ९ वर. आता १३ कडे लक्ष द्या: तिथे सर्वांत जड ठोका आहे आणि तांबोरिम मुद्दाम गप्प आहे. पायानं १३ दाबून हातानं तो सोडायचा, हे जमलं की काम फत्ते. सुरुवातीला हात पायामागे धावतो. तेव्हा तोंडानं बोल म्हणा, हात बाजूला ठेवा, आणि तोंड न चुकता चालायला लागल्यावर हात आणा.

ब्राझीलमध्ये या ठेक्याला बोलीत 'तेलेको-तेको' म्हणतात. तो नेहमी एकपासूनच सुरू होईल असं नाही. काही गाण्यांत दुसरा, हवेतला अर्धा आधी येतो. गाणं कोणत्या बाजूनं चाललंय हे ओळखणं ही पुढची इयत्ता. आधी सरळ बाजू पक्की करा. मिरवणुकीत तांबोरिमवाले मधल्या काळात मनगट गर्रकन फिरवून बारीक दाणेदार वादनही करतात, आणि त्यांच्या बसवलेल्या जागा कवायतीसारख्या एकत्र पडतात. त्यावर भाळून तेलेको-तेको विसरू नका.

सरावाला तांबोरिम हवंच असं नाही. आगपेटी घ्या, अर्धी भरलेली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात उभी धरा, उजव्या हाताच्या बोटांनी टोकावर वाजवा. काड्यांची खुळखुळ बारीक मात्रा भरून काढते आणि बोटांचा आघात ठेका दाखवतो. हा पोरखेळ नव्हे: सिरो मोंतेइरो हा मोठा गायक आगपेटीवर स्वतःची साथ करण्यासाठी प्रसिद्ध होता.

पाचवी पायरी: हुकूम कोण देतं

ताफा सुरू करणारा, थांबवणारा, वळवणारा आवाज रेपिनीकेचा. १२ इंची, दोन्ही बाजूंनी कडक ताणलेला, उंच खणखणीत स्वराचा ढोल. एका हातात काडी, दुसरा हात उघडा. ही साद घालते आणि तीनशे जण उत्तर देतात. व्हिडिओची पहिली वीस सेकंद हमखास हीच असतात. समोर उभा असतो मेस्त्रे, म्हणजे बातेरियाचा प्रमुख; शिट्टी आणि हाताच्या खुणांनी तो सगळं चालवतो.

अधूनमधून सगळा ताफा एकदम गप्प होतो, गायक आणि गर्दी तशीच गात राहते, आणि मग रेपिनीकेच्या सादेवर तळ पुन्हा कोसळतो. याला पारादिन्या म्हणतात. मोसिदादेचा मेस्त्रे आंद्रे यानं १९५९ मध्ये ती रूढ केली. तो घसरून पडला आणि ताफा थांबला, अशीही एक आख्यायिका सांगतात. कान तपासायला पारादिन्या उत्तम: शांततेतही तुमचा पाय बरोबर दोनवर पडत राहिला आणि परतीचा बूम पायाशी जुळला, तर पहिली पायरी पक्की झाली म्हणायची.

सहावी पायरी: वरचा शिडकावा

ही वाद्यं ओळखायला सोपी, म्हणून झटपट. शोकाल्यो: धातूच्या चौकटीत चकत्यांच्या रांगा, पुढेमागे हलवायच्या, हिश्श-हिश्श आवाज, आणि तो बहुधा गाण्याच्या ध्रुवपदाजवळ सुरू होतो. आगोगो: दोन घंटांची जोडी, एक उंच, एक खाली, इंपेरियो सेर्रानोत मात्र चार घंटांचं आगोगो असतं आणि त्यावर चक्क चाल वाजते. रेको-रेको: स्प्रिंगांवर काडी घासून केलेली खरखर.

थांबायचं ते कुईकाशी. माकड चीत्कारल्यासारखा, कधी कण्हल्यासारखा तो आवाज माणसाच्या गळ्यातून येतोय असंच अनेकांना वाटतं. कुईका म्हणजे एका तोंडाचा ढोल; चामड्याच्या मध्यावर आतल्या बाजूनं बांबूची बारीक काडी बांधलेली. वादक उजवा हात ढोलाच्या पोटात घालतो, ओल्या फडक्यानं ती काडी चिमटीत धरतो आणि पुढेमागे घासतो. डाव्या हाताची बोटं बाहेरून चामड्यावर, काडीच्या मुळाशी. बोट दाबलं की स्वर चढतो, सोडलं की उतरतो. फडकं वाळलं की आवाज तुटतो, म्हणून वादक ते मधूनमधून ओलं करताना दिसतात. पूर्वीच्या संथ सांबात कुईका अक्षरशः गायकाशी बोलते. आजच्या मिरवणुकीच्या वेगात ती ऐकायला कान टवकारावे लागतात, याचं मला वाईट वाटतं.

सातवी पायरी: टेबलाभोवती

आता दुसरं ध्वनिमुद्रण, रोदाचं. तीनशे माणसांचं काम इथे सात-आठ जण करतात, त्यामुळे प्रत्येक आवाज सुटा मिळतो.

पांदेइरोपासून सुरू करा. ही झांजांची डफली, पण झांजा वाटीसारख्या एकमेकींवर पालथ्या बसवलेल्या, म्हणून आवाज छनछन न करता कोरडा, आखूड येतो. हात कसा चालतो ते पाहा: अंगठा, बोटांची टोकं, तळव्याची टाच, पुन्हा टोकं. चार बारीक मात्रा झाल्या. डफली धरलेल्या हाताचं मधलं बोट खालून चामड्याला टेकलेलं असतं, तेव्हा अंगठ्याचा ठोका दबका येतो. ते बोट सुटलं की खुला, घुमारदार. दबका 'एक'वर आणि खुला 'दोन'वर. म्हणजे सुर्दो आणि काइशा दोघांना एका माणसानं तळहातावर उतरवलंय. हे वाद्य सांबात रुजवण्याचं श्रेय जुआंव दा बायाना याला देतात. त्या काळी पोलीस सांबावाल्यांची वाद्यं उचलून नेत. त्याचंही पांदेइरो जप्त झालं, आणि पिन्येइरो माशादो या वजनदार सेनेटरनं त्याला दुसरं भेट दिलं, त्यावर स्वतःचं नाव कोरून. मग त्याला हात लावायची कुणाची छाती होणार? हाच जुआंव ताटली आणि सुरी घेऊनही साथ करायचा. ती बाहियाची जुनी रीत आहे. तिथल्या सांबा दे रोदात आजही सुरीनं ताटलीची कड खरवडतात; २००५ साली युनेस्कोनं गौरवलेली ती हीच परंपरा.

काव्हाकिन्यो हे चार तारांचं, गिटारच्या लहान भावंडासारखं पोर्तुगीज वाद्य. पोलादी तारा, रे, सोल, सी, रे अशा लावलेल्या. हे सुरावट छेडण्यापेक्षा छाटून-छाटून झंकार देतं, आणि त्या छाटण्यात तांबोरिमचाच ठेका लपलेला असतो. सात तारांची गिटार याच्या बरोबर उलट, खाली. नेहमीच्या सहा तारांखाली एक जास्तीची खर्जाची तार, अंगठ्यात नखी, आणि गायकाच्या ओळी जिथे संपतात तिथून निघणाऱ्या उतरत्या तानांसारख्या जागा. दिनो सेते कोर्दासनं ही शैली घडवली. हेडफोनवर एकदा फक्त ही गिटार धरून आख्खं गाणं ऐका; गाण्याच्या खाली दुसरं गाणं चाललेलं असतं.

१९७० च्या दशकात रामोस भागातल्या कासीके दे रामोस या मंडळाच्या अंगणात टेबलाभोवतीचा आवाज बदलला. फुंदो दे किंताल या गटातल्या सेरेनोनं सुर्दोऐवजी मांडीवर आडवा घेऊन हातानं वाजवायचा तांतां आणला, उबिरानीनं हातानं वाजवायचा रेपिके, आणि आल्मीर गिनेतोनं काव्हाकिन्योसारख्या चार तारा चढवलेला बँजो, गर्दीच्या गलक्यात काव्हाकिन्यो बुडत असे म्हणून. बेथ कार्व्हाल्यो या गायिकेनं १९७८ मध्ये हा आवाज स्टुडिओत नेला आणि तिथून तो देशभर पसरला. रोदाच्या ध्वनिमुद्रणात लाकडी, हातानं काढलेला मऊ 'दुम' ऐकू आला तर तो तांतां, आणि वादन या काळानंतरच्या वळणाचं.

आठवी पायरी: गळा

इतकं झालं की मगच गायकाकडे या. आधी विचारा: एकटं कोण गातंय आणि उत्तर कोण देतंय? सांबाचा पाया साद-प्रतिसादाचा आहे. पार्तिदो आल्तो या प्रकारात तर ध्रुवपद सगळे गातात आणि मधले चरण एकेक जण जागच्या जागी जुळवतो, भोवती टाळ्या चालू. भाषा कळली नाही तरी कोणता भाग पाठ आहे आणि कोणता आत्ता सुचतोय हे कळतं: सुचणाऱ्या ओळीत गायक श्वास चुकीच्या ठिकाणी घेतो आणि शेवटचं यमक जमलं की मंडळी हसतात.

मग अक्षरं कुठे पडतात ते पाहा. आगपेटीवर तेलेको-तेको चालू ठेवा आणि ध्रुवपद ऐका. बहुतेक चालींत शब्दांचे आघात त्याच नऊ जागांच्या आसपास येतात. चांगला गायक त्यातही काटेकोर राहत नाही. ओळ थोडी उशिरा उचलतो, मग शेवटी भरपाई करतो. रोदात हे बोलण्याच्या इतकं जवळ जातं की गातोय की गप्पा मारतोय हा प्रश्न पडावा. मोरेइरा दा सिल्वानं तर वादन मध्येच थांबवून बोलून घ्यायचं आणि पुन्हा ठेक्यात उडी मारायची, असा एक प्रकारच गाजवला.

आवाजाची जात ऐका. सांबात घोटीव, गोल, तालमीत घासलेल्या आवाजाला पहिला मान नाही. पोर्तुगीजमधले अनुनासिक स्वर नाकात घुमतात, आणि गोव्यातल्या कोंकणी कानाला ते परके वाटणार नाहीत. खरखर, थकवा, वय, सगळं चालतं. क्लेमेंतिना दे जेझूस साठी ओलांडल्यावर रंगमंचावर आली. त्याआधी कित्येक वर्षं ती घरकाम करत होती. तिचा खोल, कातळासारखा खरबरीत आवाज ऐकला की गोड गळ्याबद्दलच्या आपल्या कल्पना जरा ढिल्या होतात. नेल्सोन काव्हाकिन्यो या गायकाचा आवाज तर मुळातच फाटका, आणि त्याची दुःखाची गाणी त्याच आवाजात खरी वाटतात.

याचा इतिहास एका बैठकीत ऐकता येतो. ब्राझीलमध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२७ मध्ये आलं. त्याआधी भोंग्यासमोर ओरडून गावं लागे, म्हणून छाती भरून, ऑपेराच्या थाटात गाणाऱ्यांचं राज्य होतं. फ्रांसिस्को आल्व्हेस त्याच घडणीचा. मारियो रेइस मात्र मायक्रोफोनचा फायदा घेऊन बोलल्यासारखं, अक्षर तोडत, हलकं गाऊ लागला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला या दोघांनी मिळून तबकड्या काढल्या. त्यातली कुठलीही लावा: एकाच गाण्यात दोन युगं शेजारी उभी आहेत. पुढचा सांबा बहुतांशी रेइसच्या वाटेनं गेला, आणि ते बरंच झालं.

मिरवणुकीतला मुख्य गायक मात्र वेगळ्याच कसोटीला उतरतो. बातेरियाच्या भडिमारावर, तासाभराहून अधिक, एकच गाणं पुन्हा पुन्हा. सोबत ध्वनिक्षेपकांची गाडी, तिच्यावर साथीचे गायक, काव्हाकिन्यो, गिटार. त्यामुळे हा आवाज पुढे फेकलेला, धारदार, तारसप्तकाच्या कडेला टिकणारा असतो. सुरू होताना तो आपली ठरलेली आरोळी ठोकतो आणि त्या आरोळीवरून शाळा ओळखू येते. या गायकाला पूर्वापार 'पुशादोर', म्हणजे ओढून नेणारा, म्हणत. मांगेइरासाठी १९४९ पासून २००६ पर्यंत गायलेला जामेलांव त्यावर भडकायचा. मला गायक म्हणा, असं बजावायचा. त्याचा भारदस्त, जराही न हसणारा आवाज आणि बेइजा-फ्लोर शाळेसाठी १९७६ ते २०२५ गायलेल्या नेगिन्योचा उत्साहानं फुटणारा आवाज लागोपाठ ऐका. काम तेच, स्वभाव दोन.

आणि शेवटी मागून झील धरणाऱ्या बायका, पास्तोरास. पुरुष गायकाच्या पट्टीतच, पण वरच्या सप्तकात, कंप न घेता, सरळ, उघड्या गळ्यानं, सगळ्या एकाच स्वरात. वेगवेगळे स्वर लावून केलेली गुळगुळीत गोडी इथे नाही. पाच बायका गातायत हे पाच वेगळ्या गळ्यांनी कळतं. यासाठी पाउलिन्यो दा व्हिओला या गायक-संगीतकाराच्या पुढाकारानं १९७० साली उभा राहिलेला पोर्तेलाच्या जुन्याजाणत्यांचा गट, व्हेल्या ग्वार्दा, ऐकावा. शब्द संपल्यावर 'ला-ला-या, ला-या' असं नुसतं आकारात गाणंही लक्ष देऊन ऐका. तो भरणा नाही. दोना इव्होने लारा या गायिका-संगीतकाराच्या गाण्यांत तर कित्येकदा सर्वांत सुंदर सुरावट तिथेच असते.

रोजचा सराव

एकच तीन-चार मिनिटांचं गाणं निवडा आणि आठवडाभर तेच ठेवा. दर वेळी एकच थर धरायचा: आज सुर्दो, उद्या पांदेइरो, परवा सात तारा, मग गळा. गाण्याचे शब्द आधी शोधू नका. अर्थ कळला की कान आळशी होतो. शेवटच्या दिवशी पायानं सुर्दो, हातात आगपेटी, आणि तोंडानं ध्रुवपदाचे नुसते आवाज, शब्द न समजताही. तिन्ही एकत्र दहा सेकंद टिकले तरी पुष्कळ.

विकत घ्यायचंच असेल तर आधी तांबोरिम घ्या: स्वस्त, लहान, पिशवीत मावणारं. पांदेइरो घेताना झांजा वाटीसारख्या आहेत का ते बघा. सपाट चकत्यांची डफली घेतलीत तर तो कोरडेपणा कधीच येणार नाही. सुर्दोच्या भानगडीत शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय पडू नका. आणि कार्निव्हलच्या आधीच्या महिन्यांत कधी रिओला जाणं झालं, तर शाळांच्या सरावाच्या अंगणात लोकांना प्रवेश असतो. सुर्दोंच्या बाजूला उभे राहा आणि कानात बोळे घाला. बोळे घालूनही दुसरा ठोका पोटात कळतो.